बीड, ओतीव लोखंड की आणखी काही?

मुळाक्षर: ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या रेल्वेवरचा एक लेख मराठीत आणतोय. पानोपानी कास्ट आयर्न (साच्यात ओतलेलं, ठिसूळ) आणि रॉट आयर्न (तापवून ठोकून किंवा लाटून आकार दिलेलं, चिवट). दोन्हींना नुसतं 'लोखंड' म्हटलं तर लेखाचा जीवच जातो. कास्टचे रूळ जेमतेम तीन-चार फुटी, इंजिनाच्या वजनाखाली तडकायचे. १८२० मध्ये बर्किनशॉने रॉट आयर्नचे लांब रूळ लाटून काढायचं पेटंट घेतलं. १८२५ च्या स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्गावर इंजिनिअर जॉर्ज स्टीफन्सनने बरेचसे तेच टाकले. मी 'बीड' आणि 'घडीव लोखंड' असं लिहिलं. संपादकबाई म्हणतात, बीड म्हणजे जिल्हा वाटतो.

रसओत्या: बीडच! कोल्हापुरात फाऊंड्रीत आयुष्य गेलं. बिडाचा तवा फरशीवर पडला की दोन तुकडे, हे कुठल्याही गृहिणीला विचारा. 'घडीव' मात्र खटकतं. घडवतो तो लोहार, घण मारून. हे रूळ रोलमधून काढलेले. 'लाटीव' म्हणा.

वर्षाताई: लाटीव? पोळ्या आहेत का? शाळेच्या पुस्तकात 'ओतीव लोखंड' होतं, सरळ अर्थ कळतो. पुलाच्या तुळया बिडाच्या म्हटलं की डोळ्यांसमोर धिरडी येतात.

रसओत्या: येऊ देत की, ताई. १८४७ मध्ये चेस्टरला डी नदीवरचा पूल गाडीखाली मोडला, पाच माणसं गेली, तो याच गुणामुळे. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. तुळईवर वजन आलं की तिची खालची कड ताणली जाते. तो पूल जॉर्जच्या मुलाचा, रॉबर्टचा. त्याचाच १८५० चा ब्रिटानिया पूल बघा, रॉट आयर्नच्या पत्र्यांची चौकोनी नळकांडी, आतून गाडी.

शुद्धमती: बीड-ओतीव राहू द्या, 'रूळ' तरी मराठी आहे का? 'रूलर'वरून आलाय, आमचे मास्तर त्यानेच हातावर मारायचे. 'लोहमार्ग' लिहा.

खोडरबर: आमची आजी सांगायची, 'रुळणे'वरून. गाडी रुळते तो रूळ! खरंखोटं आजीला ठाऊक. पण 'गाडी लोहमार्गावरून घसरली' असं घाईत बोलणारा एक माणूस दाखवा. तो शब्द रेल्वे पोलिसांच्या पाटीवर शोभतो.

रसओत्या: शिवाय १८५७ मध्ये डर्बी स्थानकात पोलादी रूळ टाकले. तिथे लोखंडी रूळ काही महिन्यांत झिजायचे, पोलादी वर्षानुवर्षं टिकले. म्हणजे 'पोलादमार्ग' म्हणायला हवं!

मुळाक्षर: मंडळी, रॉट आयर्नचं काय ठरलं? मजकूर उद्या द्यायचाय.

शुद्धमती: पोलाद फारसी आहे.

वर्षाताई: मग 'तिखं' म्हणा. आमच्या गावचा लोहार कोयत्याला तिखं लावून द्यायचा.

खोडरबर: तिखं म्हणजे फक्त धारेचं पोलाद ना? की सगळंच?