शब्दचर्चा : 'आफ्रोफ्युचरिझम'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विज्ञानकथाकारांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. 'आफ्रोफ्युचरिझम' (काळ्या लोकांच्या नजरेतून भविष्य रंगवणारं लेखन आणि कला) हा शब्द त्यात पानोपानी येतो. 'आफ्रिकी भविष्यवाद' चालेल का?

प्रतिसाद
माझं मत विचाराल तर नको. 'भविष्यवाद' हा शब्द मराठी कलासमीक्षेत मारिनेत्तीने १९०९ साली सुरू केलेल्या इटालियन चळवळीसाठी वापरला जातो. तिला वेगाचं, यंत्रांचं आणि युद्धाचंही भारी कौतुक. या लेखकांचा तिच्याशी सुतराम संबंध नाही. शिवाय 'आफ्रिकी' म्हटलं की अमेरिका निसटते, आणि शब्द तर तिथलाच. मार्क डेरी या समीक्षकाने तो १९९३ साली वापरला. ज्या समाजाचा भूतकाळच जाणूनबुजून पुसला गेला, त्याने भविष्य कशाच्या आधारावर रंगवायचं, हा त्याचा प्रश्न होता.

लेखन मात्र या शब्दाच्या कितीतरी आधीचं. कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांची 'द कॉमेट' ही कथा १९२० ची. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडतं. बँकेच्या तळघरात पाठवलेला काळा निरोप्या जिम तेवढा वाचतो आणि एक श्रीमंत गोरी तरुणी. काही तास दोघं केवळ माणसं असतात. मग शहराबाहेरचे लोक जिवंत असल्याचं कळतं, तिचे वडील येतात, आणि त्यांच्याबरोबर वर्णभेदही जसाच्या तसा परत येतो. जग बुडालं तेवढा वेळच समता! याच द्यु बॉइस यांना बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. मराठी वाचकाला हा धागा जरूर सांगा.

प्रतिसाद
मग 'भविष्यवेधी कृष्णवर्णीय साहित्य' कसं वाटतं? 'वेध' म्हटलं की राशिभविष्याचा वासही राहत नाही.

प्रतिसाद
वास जातो, पण अंदाज बांधण्याचा अर्थ राहतोच. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी पाहा. प्रकाशन १९९३ चं, कथा सुरू होते २०२४ मध्ये. कॅलिफोर्नियात पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय, वस्तीभोवती भिंत आहे, पोलीस आले तर पैसे मोजावे लागतात. नायिका लॉरेन पंधरा वर्षांची. समोरच्याला झालेली वेदना तिला स्वतःच्या अंगात जाणवते. आता लोक म्हणतात, बाईंनी किती अचूक सांगितलं! मला हे कौतुक अपुरं वाटतं. हवामान, पगार, तुरुंग, भिंतीआडच्या वसाहती हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. ते असंच चालू दिलं तर काय होईल, एवढंच त्यांनी निष्ठुरपणे लिहिलं.

डेरिक बेल हे तर कायद्याचे प्राध्यापक. त्यांच्या 'द स्पेस ट्रेडर्स' (१९९२) कथेत परग्रहावरचे व्यापारी अमेरिकेला सोनं, प्रदूषण धुऊन काढणारं रसायन आणि सुरक्षित अणुऊर्जा देऊ करतात. बदल्यात त्यांना देशातली सगळी काळी माणसं हवी असतात. सार्वमत होतं आणि सौदा मंजूर होतो. हा 'वेध' कसला? गुलामांच्या बाजाराचाच हिशेब आहे तो, फक्त तारीख पुढची.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)
पटलं. पण लेखात 'आफ्रिकनफ्युचरिझम' असाही शब्द आहे. मला ती छापण्यातली चूक वाटली होती.

प्रतिसाद
चूक नाही, तो वेगळाच शब्द आहे. नेडी ओकोराफोर यांनी घडवलेला. त्या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिका. आपल्या लेखनाचा केंद्रबिंदू पश्चिमेत नाही, आफ्रिकेतच आहे, असं त्यांचं म्हणणं. उदाहरण त्यांनीच दिलंय : 'ब्लॅक पँथर'मधल्या वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाने पहिलं बाहेरचं केंद्र अमेरिकेत ओकलंडला काढलं तर तो आफ्रोफ्युचरिझम, शेजारच्या आफ्रिकी देशात काढलं तर आफ्रिकनफ्युचरिझम. त्यांच्या कथेची नायिका बिंटी ही हिंबा या आफ्रिकी जमातीतली मुलगी अंगाला तांबड्या मातीचा लेप लावून अंतराळातल्या विद्यापीठात शिकायला जाते. ते यान आणि तो लेप, दोन्ही एकाच जगातले.

म्हणून दोन्ही शब्द लिप्यंतर करूनच ठेवा. पहिल्यांदा येतील तिथे प्रत्येकी एक-दोन वाक्यांचा खुलासा द्या. 'आफ्रिकी भविष्यवाद' एकदा लिहिलात, की ओकोराफोर यांचा मुद्दा आला तेव्हा हातात शब्दच उरणार नाही.