मदत हवी आहे: क्वांटम मिशनचे ६,००३ कोटी, पण प्रत्यक्ष खर्च कुठे पाहायचा?

नमस्कार मंडळी,

सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनावर एक लेख लिहायला घेतलाय आणि राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या (क्वांटम संगणन, संदेशवहन वगैरेंवरच्या संशोधनासाठी केंद्र सरकारची योजना) आकड्यांपाशी घोडं अडलंय. सरकारी हिशेब वाचायची सवय असलेल्यांनी किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कृपया मदत करावी.

२०२०च्या अर्थसंकल्पात क्वांटम तंत्रज्ञानासाठी ५ वर्षांत ८,००० कोटी रुपये जाहीर झाले होते. १९ एप्रिल २०२३ला मंत्रिमंडळाने मंजूर केलं ते मिशन मात्र ६,००३.६५ कोटींचं, तेही २०२३-२४ ते २०३०-३१ अशा ८ वर्षांसाठी. म्हणजे वर्षाला सरासरी १,६०० कोटींवरून साधारण ७५० कोटी. निम्म्याहून कमी! बातम्यांचा सूर दोन्ही वेळा 'भरघोस' असाच. म्हणून जाहीर रकमेवर माझा फारसा भरवसा नाही, खर्च किती झाला ते बघायचंय.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानाच्या मागण्यांत (अर्थसंकल्पासोबत संसदेत मांडला जाणारा विभागाच्या खर्चाचा कागद) अंदाज आणि सुधारित अंदाज दिसतात, प्रत्यक्ष खर्चाचा आकडा खूप उशिरा येतो. शिवाय तो विभागाने दिलेला पैसा. पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (संगणन), आयआयटी मद्रास (संदेशवहन), आयआयटी मुंबई (संवेदन) आणि आयआयटी दिल्ली (पदार्थ व उपकरणं) या चार केंद्रांनी त्यातला किती वापरला, हे कुठे कळतं? उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान कशावर खर्च झालं याचे संस्थेने दिलेले दाखले) बाहेर बघायला मिळतात, की माहितीचा अधिकारच वापरावा लागतो?

दुसरा गोंधळ, मोजायचं काय? पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतलं क्वांटम केंद्र वेगळ्या, आधीच्या मिशनखाली आहे. इस्रो आणि डीआरडीओ आपापल्या खात्यातून खर्च करतात. २०२२मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल, १०० किमीहून जास्त अंतरावर क्वांटम पद्धतीने सांकेतिक किल्ली (संदेश गुप्त ठेवण्यासाठी लागणारा संकेत) पाठवून दाखवली, ती तर या मिशनच्या आधीची. मग ब्रिटनचे १० वर्षांचे २.५ अब्ज पौंड किंवा युरोपीय संघाचे १ अब्ज युरो आपल्या ६,००३ कोटींशेजारी ठेवायचे तरी कसे? (अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यातही खर्चाची नुसती परवानगी होती, पैसे दरवर्षी वेगळे मंजूर व्हायचे.)

आणि प्रयोगशाळेतल्यांना खास प्रश्न. अतिवाहक क्यूबिट (एका प्रकारच्या क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक) केल्विनच्या साधारण शंभराव्या भागाइतक्या तापमानाला ठेवायचे, तर लागणारे महागडे शीतक बहुतेक परदेशातून येतात. अनुदानातला किती भाग अशा यंत्रांवर जातो आणि किती संशोधक विद्यार्थ्यांच्या पाठ्यवृत्तीवर? यंत्र ३१ मार्चपर्यंत आलं नाही तर त्या पैशांचं काय होतं?

कागदाचं नाव, दुवा, संसदेतल्या प्रश्नोत्तरांचा संदर्भ, काहीही चालेल. 'चीन बघा कुठे पोचला' या चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढावा.