नेव्हरफेलचा प्रामाणिकपणा

'नेव्हरफेलला खोटं वागताच येत नाही, मग तिचं कौतुक कशाला?' असा मुद्दा कुणी मांडतं, तो मला पटला नाही. नेव्हरफेल ही फ्रान्सिस हार्डिंग यांच्या 'अ फेस लाइक ग्लास' (२०१२) या कादंबरीची नायिका. या कादंबरीत कॅव्हर्ना या भूमिगत शहरातल्या माणसांना चेहऱ्यावरचे भाव शिकून घ्यावे लागतात. मजुरांना शिकवतात ते फक्त आज्ञाधारक चेहरे. राग दाखवायला त्यांच्याकडे चेहराच नाही! मग ते सुखी आहेत असं मानणं वरच्या वर्गाला सोपं जातं. या कल्पनेने मी फार अस्वस्थ झाले. अशा शहरात नेव्हरफेलच्या चेहऱ्यावर खरं दुःख उमटतं, हेच स्फोटक आहे. इथे नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या वाचनकट्ट्यावर नववीतल्या मुलींनी लगेच विचारलं, 'पाहुण्यांसमोर तोंड हसरं ठेव' हे भावाला का नाही सांगत? या कादंबरीचा मराठी अनुवाद व्हायलाच हवा, कुणीतरी मनावर घ्या.