लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड एक्स८ वरच चालतंय, फसलो का?

खटपट्या:
आरटीएक्स ४०६० वाला लॅपटॉप घेतलाय, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर बस इंटरफेससमोर एक्स८ १.१ दाखवतंय. मित्राच्या डेस्कटॉपला एक्स१६ आहे, तो म्हणतो तुला अर्धंच कार्ड दिलंय, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. परत करू का? आणि २०२३ च्या कार्डाला १.१ इतकं जुनं व्हर्जन कसं काय?

निवांत_नाना:
थांब जरा. ४०६० ला मुळातच ८ लेन (कार्डाला लॅपटॉपशी जोडणाऱ्या पीसीआयई बसच्या वाटा, एक्स८ म्हणजे ८) असतात, डेस्कटॉपवालं घेतलं असतंस तरी ८च. मित्राचं कार्ड वेगळं असणार. १.१ दिसतंय कारण कार्ड रिकामं बसलंय, काम नसलं की वीज वाचवायला लिंक स्पीड पाडते. त्याच ओळीत प्रश्नचिन्हाचं बारकं बटण आहे, ते दाबून रेंडर टेस्ट चालू कर आणि बघ. चार्जर लावून हां.

खटपट्या:
केलं, एक्स८ ४.० झालं लगेच 😅 पण तरी १६ च्या निम्मंच ना?

तारतोड्या:
निम्मं खरं, पण जेन, म्हणजे पीसीआयईची पिढी बघ ना, तुझं ४.० म्हणजे जेन ४. जेन ३ ला एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातो, जेन ४ ला २, म्हणजे तुझ्या ८ लेनचे झाले १६ जीबी, जुन्या जेन ३ एक्स१६ एवढेच. आणि टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) एकदा व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डाच्या मेमरीत जाऊन बसले की या रस्त्यावर तशी वर्दळ कमीच. खरी बोंब ८ जीबी व्हीरॅम भरल्यावर, मग उरलेला माल सिस्टिम रॅममध्ये जातो, आणि कार्डाची स्वतःची मेमरी चालते सेकंदाला २५६ जीबीने, इथून मिळणार १६, मग गेम अडखळतो. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आण, लेन मोजत बसू नकोस.

निवांत_नाना:
+१. हायब्रिड मोडमध्ये प्रत्येक फ्रेमसुद्धा याच वाटेने इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधल्या) ग्राफिक्सकडे येते आणि मग स्क्रीनवर. १०८०पी ची एक फ्रेम ८ एमबीच्या आसपास, १४४ एफपीएसला सेकंदाला १.२ जीबी. फार नाही, पण मक्स स्विच (स्क्रीन थेट कार्डाला जोडून देणारा) असेल तर गेमिंगला डायरेक्ट मोड लाव.

डबेवाला_जीपीयू:
इथे थंडरबोल्ट ३ च्या केबलवर बाहेरून कार्ड लावलंय, पीसीआयईला सेकंदाला जास्तीत जास्त ३२ गिगाबिट (८ बिटचा १ बाइट), म्हणजे ४ जीबीसुद्धा धड हाती लागत नाही, त्यात लॅपटॉपचीच स्क्रीन वापरली की फ्रेम परत त्याच केबलने उलट येतात म्हणून मॉनिटर थेट कार्डाला जोडावा लागतो. आणि हे साहेब १६ जीबी घेऊन रडतायत!