चाकं टेकल्याचं कळलं नाही, म्हणजे पायलट चांगला?

उलटा_वारा :
काल इथे एकाने निकाल लावून टाकला : "पायलटची परीक्षा एकच. चाकं टेकल्याचं कळलं नाही तर पास, बाकी सगळी फुशारकी." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग बघून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी अकरा वर्षं लहान विमानांवर शिकवतोय. पोरगं सोलोला (एकट्याने उडवायला) तयार आहे का, हे मी शेवटच्या तीन सेकंदांवरून ठरवत नाही. टेकऑफला थ्रॉटल पुढे गेला की माझी नजर त्याच्या बुटांवर असते. पूर्ण पॉवरला नाक डावीकडे ओढ घेतं. उजवा पाय रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर आपसूक दाबला गेला तर ठीक. सेंटरलाइन सुटल्यावर दाबला तर विमानच त्याला घेऊन चाललंय. पुढे सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या चौकोनी फेरीत, डाउनविंडला (रनवेला समांतर उलटं जाताना) हजार फूट धरायला सांगितलेले असतात. स्वारी साडेअकराशेवर, आणि पत्ताच नाही. बेसवरून (रनवेला काटकोनातल्या बाजूवरून) वळायला उशीर केला, फायनल (रनवेच्या रेषेतली शेवटची वाट) ओलांडून पलीकडे गेला. आता बँक (पंखांचा कल) वाढवायची भीती वाटते म्हणून आतल्या बाजूचा रडर दाबून नाक रेटतोय. बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी नळीतली गोळी) बाहेर पळालाय, वेग साठ नॉटच्या (ताशी सागरी मैल) खाली घसरतोय. स्टॉल होऊन (पंखांची उचल सुटून) स्पिनमध्ये (गरगरत खाली) जायची हीच वाट, आणि त्या उंचीवरून सावरायला जागा नसते. इथे मी कंट्रोल घेतो. नंतर त्याने लोण्यासारखं टेकवलं तरी माझी सही मिळणार नाही.

मऊ_टेकण :
वाक्य माझं आहे, तर नाव घेऊन बोलायचं होतं. एवढं पुराण सांगायची गरज नव्हती. सर्किट बिघडलं की फायनल बिघडतं, फायनल बिघडलं की लँडिंग बिघडतं. म्हणजे लँडिंग बघितलं की सगळंच बघून झालं. भात शिजला की नाही ते एका शितावरून कळतं, अख्खं पातेलं उपसावं लागत नाही.

उजवी_सीट :
शिताचा न्याय इथे चालत नाही. मी जेटवर आहे. ओल्या रनवेवर मऊ टेकवायच्या नादात विमान तरंगत ठेवणं हाच गुन्हा आहे. चाकं दणकून बसली तर खालचा पाण्याचा थर फुटतो, चाकं लगेच फिरतात, त्यांवर वजन आल्याचं कळून स्पॉयलर (पंखांवरच्या, उचल मोडणाऱ्या फळ्या) उघडतात, ब्रेकला पकड मिळते. टायरमधल्या दाबाच्या (पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड) वर्गमुळाला नऊने गुणा : २०० पीएसआयला साधारण १२७ नॉट. त्याच्या वर टायर पाण्यावर तरंगू शकतो. मागे बसलेला म्हणतो, "काय आपटलं राव." आपटलं नाही, बसवलं.

लहान विमानातही तेच. ६५ नॉटच्या जागी ७५ ने आलात तर अंगात ३३ टक्के जास्त ऊर्जा असते. ती जिरेपर्यंत रनवे खालून सरकत राहतो, आणि एवढं तरंगल्यावर टेकणं बहुतेक वेळा मऊच होतं. तुमच्या हिशेबात हा पहिल्या नंबरात पास.

मऊ_टेकण :
जेटवाले आले. आता आम्ही गप्प.

कागदी_विमान :
दोघांचंही चालू द्या, पण मास्तरांना एक विचारायचंय. बूट बघता, बॉल बघता, आणि चाकं टेकली की लगेच "फ्लॅप वर, पॉवर, चला"! टच-अँड-गो. मग लँडिंगचा उरलेला अर्धा भाग कोण बघतं? माझ्या लॉगबुकात परीक्षेआधी ९० च्या वर लँडिंग होती. त्यातली विमान थांबेपर्यंतची किती, तर दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. परीक्षेला १२ नॉटचा क्रॉसविंड (आडवा वारा) होता. टेकवलं झकास. आणि पाय सैल सोडले, कारण माझ्या डोक्यात लँडिंग तिथेच संपायचं. विमान वाऱ्याकडे तोंड करून गवताकडे निघालं. परीक्षकाने रडर धरला. नापास. शाळेने मला तासाला आठ लँडिंग दाखवली होती, एकही पूर्ण शिकवलं नव्हतं.

उलटा_वारा :
तुमच्या शाळेचा राग माझ्या धाग्यावर काढू नका. शिकणाऱ्याचा घोळ होतो तो फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना). तिथे हात बसायला आवृत्त्याच लागतात. दर वेळी थांबून, टॅक्सी करून परत यायचं म्हटलं तर तासाला चार मिळतील. विमान थांबवायचं कसं हे शिकवायला वेगळी तपश्चर्या लागत नाही.

कागदी_विमान :
नाही ना लागत? मग मी गवताकडे हवा खायला निघालो होतो का?

शेवटचा_फ्लॅप :
मी कागदी विमानाच्या बाजूने. चाकं आत जाणाऱ्या विमानावर टच-अँड-गो करत होते. पळता पळता फ्लॅप वर घ्यायचा, ट्रिम सारखा करायचा, पॉवर द्यायची, सेंटरलाइन धरायची. त्या घाईत माझा हात फ्लॅपऐवजी गियरच्या (चाकं आत घेणाऱ्या) लिव्हरवर गेला. सरांनी मनगट असं पकडलं की वळ दोन दिवस राहिला. "अहो बाई" एवढंच म्हणाले आणि पार्किंगपर्यंत एक शब्द नाही. अमेरिकेत रात्री प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांत तीन लँडिंग लागतात, तीही फुल-स्टॉप, म्हणजे विमान थांबेपर्यंतची. उगाच का?

उलटा_वारा :
तो नियम रात्रीचा आहे आणि टेलव्हीलचा (शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचा). दिवसाच्या तिचाकीला टच-अँड-गो चालतात. अर्धा नियम सांगू नका.

शेवटचा_फ्लॅप :
रात्री रनवे वेगळा असतो वाटतं.

उंटावरचा_शहाणा :
मी फक्त सिम्युलेटरवर उडवतो, पण...

उजवी_सीट :
झालं.

उंटावरचा_शहाणा :
...पण अमेरिकेतल्या प्रायव्हेट पायलट परीक्षेचे निकष छापलेले आहेत, ते इथे कोणी उघडलेले दिसत नाहीत. सर्किटमध्ये उंची १०० फूट इकडेतिकडे. अप्रोचचा वेग ठरलेल्यापेक्षा १० जास्त किंवा ५ कमी, बस. टेकायचं ते आधी सांगितलेल्या खुणेवर किंवा तिच्यापुढे ४०० फुटांच्या आत, शॉर्ट-फील्डला (आखूड रनवेच्या लँडिंगला) २०० च्या आत. विमान आडवं सरकता कामा नये, नाक सेंटरलाइनच्या रेषेत. आता मऊ_टेकण यांनी सांगावं, या निकषांत मऊपणा कुठे बसतो. आणि गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) त्यात वेगळं काम म्हणून तपासतात. वेळेवर निर्णय घेतला, तर तो गुण आहे.

उजवी_सीट :
सिमवाल्याकडून ऐकून घ्यायची पाळी आली. बरोबर आहे म्हणा. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं ७७७ समुद्राकाठच्या बांधाला धडकलं. वेग हवा होता १३७ नॉट, शेवटी उतरला १०३ पर्यंत. पॉवर देऊन वर जायचा प्रयत्न झाला तो अगदी टोकाला. तिघं गेले. म्हणून म्हणतो, टेकणं बघू नका. कुठल्या उंचीवर "नको, परत जाऊ" म्हणतो ते बघा.

मऊ_टेकण :
बरं. चाकं टेकल्याचं कळलं तरी चालेल, पण खुणेपासून ४०० फुटांत, सेंटरलाइनवर, नाक सरळ. माझं वाक्य मागे घेतो, फुलं उधळा. पण मास्तर, टच-अँड-गोला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

उलटा_वारा :
दिलं की.

कागदी_विमान :
कुठे?

उलटा_वारा :
उद्या सकाळी एका पोराची आठ सर्किटं आहेत. शेवटची दोन फुल-स्टॉप घेतो. झालं?

कागदी_विमान :
चार.

उलटा_वारा :
तीन. आणि ती तुमच्यामुळे नाही, उद्या क्रॉसविंड आहे म्हणून.