धांदरट फ्रेंच पोलीस इन्स्पेक्टर क्लुसोचे सिनेमे कोणत्या क्रमाने बघावेत?

रिकामटेकडा: १९६३चा 'द पिंक पँथर' लावला, पण क्लुसोपेक्षा डेव्हिड निव्हनच जास्त दिसतोय. पुढेही असंच आहे का?

खुर्चीखालचा: नाही. पहिल्यात नायक निव्हनचा हिरेचोर, क्लुसो तोंडी लावायला. क्लुसो झालेल्या पीटर सेलर्सने सिनेमा खाऊन टाकला ही गोष्ट वेगळी. तुम्ही थेट 'अ शॉट इन द डार्क' (१९६४) लावा. यात 'पिंक पँथर' नावाचा तो हिरा नाहीच, गोष्ट एका नाटकावरून घेतलीये. डोळा फडफडणारा त्याचा साहेब ड्रेफस आणि कुठूनही झडप घालणारा त्याचा नोकर केटो इथूनच सुरू होतात. बिलियर्ड्सचा प्रसंग नीट बघा. क्लुसो वाकडी काठी उचलतो, टेबलाचं कापड टर्रकन फाडतो, तरी चेहऱ्यावरचा रुबाब तसाच! हसू येतं ते त्या रुबाबाचं, नुसत्या पडझडीचं नाही. आणि मोबाइलवर झूम करून बघू नका. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स रुंद चौकट वापरतो, कडा कापल्या की कोपऱ्यातली गंमत गेली.

मधली_रांग: +१. पुढे 'द रिटर्न ऑफ द पिंक पँथर' (१९७५) आणि लगेच 'स्ट्राइक्स अगेन' (१९७६). मध्ये खंड पडला तर ड्रेफस वेड्यांच्या इस्पितळात का, ते कळत नाही. मग 'रिव्हेंज' (१९७८). १९६८च्या 'इन्स्पेक्टर क्लुसो'त सेलर्स नाही, ॲलन आर्किन आहे. 'ट्रेल' (१९८२) सोडाच. सेलर्स १९८०मध्ये गेला, त्यात त्याचे जुने, न वापरलेले तुकडे जोडलेत.

रिकामटेकडा: धन्यवाद! हिंदी डब चालेल?

खुर्चीखालचा: छे! निम्मी मजा क्लुसोच्या फ्रेंच हेलात आहे. मूळ आवाज, खाली सबटायटल्स.