कोरोनाच्या वर्षांतले स्कॅन सेंटरचे आकडे, कुठलं वर्ष खरं धरायचं?

विट्याचा_गडी
नमस्कार मंडळी. आमचे दाजी रेडिऑलॉजिस्ट आहेत, मिरजेत एक चालू सेंटर विकत घ्यायचं चाललंय, सीटी, सोनोग्राफी, डिजिटल एक्सरे असं सगळं. मालकाने जुने हिशेब दिलेत, त्यात २०२०-२१ ला एक्सरे सोनोग्राफी पार आपटलीय आणि पुढच्या वर्षी सीटीचा आकडा बघून डोळेच फिरतात. मालक म्हणतो बघा सीटीला केवढा स्कोप आहे, दाजी म्हणतात परत साथ आली तर ओपीडी बंद, मग हप्ते कोण भरणार. साथीत मागणी घटते का वाढते नक्की?

मिरजकर टेक्निशियन
दोन्ही होतं भाऊ, एकाच बिल्डिंगमध्ये होतं. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा एसटी बंद, जत तासगावकडचा पेशंट येणार कसा? गुडघ्याचा एमआरआय, मणक्याचा एक्सरे, ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या, सगळं थांबलं, रस्त्यावर गाड्याच नाहीत म्हणून अपघाताचे सीटी पण कमी. फक्त गरोदर बायकांची सोनोग्राफी थांबली नाही, पाचव्या महिन्यातली तपासणी पुढं ढकलून चालतच नाही ना. आणि मग एप्रिल-मे २०२१ ला एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी! आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला उशीर, लोक आधी फुफ्फुसात किती पसरलंय त्याचा स्कोर काढून घ्यायचे, "पंचवीसपैकी किती आला ओ?" हाच प्रश्न दिवसभर. स्कॅन दोन-चार मिनिटांचा, पण गॅन्ट्री (मशीनचं गोल कडं) आणि टेबल पुसायचं, हवा खेळू द्यायची, पीपीई बदलायचं, त्यात वेळ जायचा. बाहेर लाईन रस्त्यापर्यंत.

डॉक्टर, सातारा
हा सीटीचा फुगा आपल्याकडचा जरा खास होता हे धरून चाला. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं की कोविड शोधायला पहिली तपासणी म्हणून सीटी वापरू नका, तिकडे ओपीडी इमेजिंग सरळ घसरलं, स्क्रीनिंग मॅमोग्राफी, म्हणजे त्रास नसताना करायची स्तनाची तपासणी, तर जवळजवळ थांबली. आपल्याकडे मे २०२१ मध्ये एम्सच्या डॉ. गुलेरियांनी सौम्य आजारात सीटी नको म्हटलं, एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्सरेएवढा किरणांचा डोस, त्यावर रेडिऑलॉजिस्टांची संघटना चिडली की आताच्या मशीनला एवढा डोस नसतो. लाट ओसरली तशी ही मागणी गेली. पुढे ढकललेल्यांपैकी गुडघे-कंबर परत आले, पण दुखणं आपोआप बरं झालेला माणूस कशाला येतोय? आणि स्तनाची गाठ अंगावर काढलेल्या बायका उशिरा आल्या, त्याचं फार वाईट वाटतं.

सीए_सांगली
विट्याचे पाहुणे, वर्षाची बेरीज बघूच नका. २०२०-२१ मध्ये लॉकडाऊनचा खड्डा पण आहे आणि सप्टेंबरची पहिली लाट पण, बेरीज केली की दोन्ही झाकलं जातं. दुसरी लाट पुढच्या आर्थिक वर्षात जाते म्हणून तुम्हाला ते वर्ष फुगलेलं दिसतंय. महिनावार आणि मशीनवार आकडे मागा. एचआरसीटीचे पैसे वेगळे काढा, सप्टेंबर २०२० ला सरकारने त्याला मशीनप्रमाणे २००० ते ३००० चा कमाल दर लावला होता, पेशंट गुणिले दर करून बघा, बिलं जुळतायत का कळेल. मी तर २०१९-२० आणि २०२२-२३ नंतरची वर्षं शेजारी ठेवीन. खर्चाकडे पण बघा, पेशंट नसला तरी मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट, पगार, भाडं चालूच. आरबीआयने हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत दिली पण व्याज चढतच होतं, त्यामुळं दाजींची भीती खोटी नाही, पाच-सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून मगच उतरा.

मिरजकर टेक्निशियन
सीएसाहेब बरोबर. अजून एक, गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचे आकडे एफ फॉर्मवरून (प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरतात तो सरकारी फॉर्म) पडताळा, दर महिन्याला रिपोर्ट जातो तिथं थापा चालत नाहीत. आणि पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचं रजिस्ट्रेशन मालक बदलला की चालत नाही, दाजींना नवीन काढावं लागेल, तोवर सोनोग्राफी बंद, हे मालक सांगणार नाही.

विट्याचा_गडी
बाप रे, हे दाजींना पण माहिती नसेल बहुतेक. आणि सीटी मशीन तेच आहे ओ, लाटेत वापरलेलं. त्याचं काय बघायचं?

मिरजकर टेक्निशियन
ट्यूब, म्हणजे एक्सरे तयार करणारा मशीनमधला भाग, वापरून झिजतो. किती स्कॅन-सेकंद झालेत ते मशीनच्या लॉगमध्ये असतं, सर्व्हिस इंजिनिअरला समोर बसवून काढून घ्या. दुसऱ्या लाटेत दिवसरात्र मारलीय आणि नंतर बदललेली नाही असं निघालं तर बदलायचा खर्च लाखांत जातो, तो आत्ताच किमतीतून वजा करायला लावा.